वांग्यातली अळी: एक नाव, दोन खंड

'पेपर कसा वाचायचा' या मालिकेत आजवर आपण बहुतेक वेळा प्रयोगांचे पेपर घेतले. आज वर्गीकरणाचा एक पेपर घेऊ. वर्गीकरण म्हटलं की बरेच विद्यार्थी पान उलटतात. लॅटिन नावं, कंसातली वर्षं, जननेंद्रियांच्या आकृत्या... यात वाचण्यासारखं काय, असं वाटतं. पण पीएच.डी.साठी कीटकशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा परिसंस्थाशास्त्र घेणार असाल तर अशा पेपरशी गाठ पडणारच. तुमच्या प्रबंधातलं पहिलंच वाक्य, म्हणजे 'अमुक प्रजातीवर अभ्यास केला', हे अशाच कुणाच्या तरी कामावर उभं असतं.

निवडलेला पेपर २०१५ साली 'झूकीज' या नियतकालिकात आला. लेखक रिचर्ड मॅली आणि त्यांचे पाच सहकारी. विषय आहे ल्युसिनोडिस या जीनसच्या आफ्रिकेतल्या प्रजाती. नाव अनोळखी वाटेल, पण किडा तुमच्या घरात येऊन गेलेला आहे. भरिताचं वांगं चिरलं आणि आत काळपट बोगदा निघाला, तर तो बोगदा बहुधा या जीनसमधल्या अळीचाच असतो.

आधी किडा नीट ओळखू

आपल्याकडे कृषी विभागाच्या पत्रकात तिला 'शेंडा व फळ पोखरणारी अळी' म्हणतात. शास्त्रीय नाव ल्युसिनोडिस ऑर्बोनॅलिस. मादी पानांच्या खालच्या बाजूला, कोवळ्या शेंड्यांवर, कळ्यांवर अंडी घालते. अळी बाहेर आली की थेट शेंड्यात किंवा फळात शिरते. शेंड्यात शिरली तर शेंडा मान टाकतो, हे शेतकऱ्याला लांबूनही दिसतं. फळात शिरली तर मात्र आत जायचं भोक विष्ठेने बुजून जातं आणि वांगं बाहेरून अगदी साजरं दिसतं. वाढ पूर्ण झाली की अळी फळाबाहेर पडते आणि जमिनीवरच्या पालापाचोळ्यात किंवा मातीत कोष करते. त्यातून पांढुरका, पंखांवर तपकिरी-गुलाबी डाग असलेला छोटा पतंग निघतो.

अळी फळाच्या आत असल्याने वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून वांग्यावर फवारण्यांची संख्या वाढत जाते. जळगावचं भरिताचं वांगं असो की कृष्णाकाठचं, उत्पादकाची डोकेदुखी हीच. थोडक्यात, ही अळी कोण आहे हा प्रश्न नुसता संग्रहालयातला नाही.

'स्नाउट मॉथ' आणि कुळाचा घोळ

इंग्रजीत या गटातल्या पतंगांना स्नाउट मॉथ म्हणतात, कारण तोंडाच्या दोन स्पर्शिका पुढे आलेल्या असतात आणि बाजूने पाहिलं तर थुंतरी असल्यासारखं वाटतं. हा सगळा गट म्हणजे पायरॅलॉइडिया हे अधिकुळ. त्यात आज साधारणपणे दोन कुळं मानतात: पायरॅलिडी आणि क्रॅम्बिडी.

जुन्या संदर्भांत ऑर्बोनॅलिस 'पायरॅलिडी'मध्ये सापडेल. जॉर्ज हॅम्पसन यांच्या 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'च्या पतंगांवरच्या चौथ्या खंडात (१८९६) हा सगळा गट पायरॅलिडी म्हणूनच आहे. आजच्या लेखनात तीच प्रजाती क्रॅम्बिडी कुळात, स्पायलोमेलिनी उपकुळात दिसते. दोन पुस्तकांत दोन कुळं दिसली म्हणून गोंधळू नका. फरक मुख्यतः पतंगाच्या कानावर ठरतो. या पतंगांचे कान पोटाच्या तळाशी असतात. क्रॅम्बिडीमध्ये कानाच्या पडद्याजवळ प्रीसिंक्टोरियम नावाची एक लहानशी झडप असते आणि कानाची पोकळी एका बाजूने उघडी असते. पायरॅलिडीमध्ये ती झडप नसते आणि पोकळी बंद असते. परीक्षेत हा प्रश्न येतो, म्हणून सांगून ठेवलं. पण खरा मुद्दा असा, की जुन्या पेपरमध्ये 'पायरॅलिडी' लिहिलंय म्हणून तो पेपर चुकीचा ठरत नाही. त्या काळी कुळाची व्याख्याच तशी होती.

पेपरचा दावा काय आहे?

२०१५ आधीचं चित्र असं: सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत ल्युसिनोडिसच्या पाच आणि सेलिओडिस या जवळच्या जीनसची एक, अशी सहा नावं नोंदलेली होती. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध नाव अर्थातच ऑर्बोनॅलिस. आफ्रिकेतून युरोपात जाणाऱ्या वांग्यांत अळी सापडली की नोंद व्हायची: ऑर्बोनॅलिस. त्यामुळे जगाच्या नकाशावर ही प्रजाती आशिया आणि आफ्रिका या दोन्ही खंडांत पसरलेली दिसायची.

मॅली आणि सहकाऱ्यांनी पंखांवरची नक्षी, जननेंद्रियं, अळीची लक्षणं आणि मायटोकॉन्ड्रियातला डीएनए अशा चार बाजूंनी आफ्रिकेतले नमुने तपासले. निष्कर्ष:

- तपासलेल्या आफ्रिकी नमुन्यांपैकी एकही ऑर्बोनॅलिस नव्हता.
- आफ्रिकेत या जीनसच्या आठ स्थानिक प्रजाती आहेत. त्यातली एक, लायसॅलिस, आधीपासून माहीत होती. उरलेल्या सात विज्ञानाला नवीन: आफ्रिकेन्सिस, इथिओपिका, केन्येन्सिस, मलाविएन्सिस, रिमावॅलिस, स्यूडोरिमावॅलिस आणि युगांडेन्सिस.
- आफ्रिकेतून युरोपात आलेल्या बहुतेक अळ्या आफ्रिकेन्सिसच्या होत्या, आणि ही आवक गेली पन्नास वर्षं चालू होती.
- सेलिओडिस हा वेगळा जीनस मानण्याची गरज नाही. तो ल्युसिनोडिसमध्ये विलीन.

पहिला आणि दुसरा मुद्दा एकत्र वाचा. जुन्या सहा नावांपैकी त्या प्रदेशासाठी फक्त एक टिकलं. एक नाव लायसॅलिसचंच दुसरं नाव निघालं, काही नावं या जीनसमधूनच बाहेर गेली, आणि सर्वांत जास्त वापरलं गेलेलं नाव तिथे लागूच पडत नव्हतं. खरोखर जी अळी पन्नास वर्षं पेट्यांतून प्रवास करत होती तिला स्वतःचं नावच नव्हतं.

पटलेल्या गोष्टी

पहिली म्हणजे लेखकांची जुळणी. मॅली आणि नुस हे पायरॅलॉइडियाचे वर्गीकरणतज्ज्ञ. सहलेखकांपैकी काही जण ब्रिटनच्या वनस्पती-आरोग्य प्रयोगशाळेतले, म्हणजे बंदरावर आणि विमानतळावर पकडलेल्या अळ्या रोज पाहणारे. याचा परिणाम पेपरभर दिसतो. नुसत्या संग्रहालयातल्या टाचलेल्या पतंगांवर हे काम थांबलेलं नाही. फळातून निघालेली अळी आणि तिचा पतंग डीएनएच्या आधाराने जोडता येतात, हे त्यांनी दाखवलं. वर्गीकरणाच्या बहुतेक पेपरमध्ये प्रौढ किड्यावरच भर असतो. शेतकऱ्याला आणि तपासनिसाला मात्र दिसते ती अळी.

दुसरी गोष्ट पुराव्यांच्या स्वतंत्रतेची. नवीन प्रजाती सांगायची तर नुसता डीएनए बारकोड पुरत नाही. बारकोड म्हणजे सीओआय या मायटोकॉन्ड्रियल जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात. दोन प्रजातींत कधीकाळी संकर झाला असेल, किंवा वोल्बॅकियासारखा जिवाणू मादीमार्फत पसरला असेल, तर हा तुकडा आपल्याला चकवू शकतो. म्हणून दुसऱ्या प्रकारचा पुरावा लागतो. इथे तो जननेंद्रियांचा आहे. पतंगाच्या पोटाचं टोक वेगळं करायचं, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मऊ होऊ द्यायचं, चरबी आणि खवले साफ करायचे आणि आतले कठीण भाग स्लाइडवर पसरून पाहायचे. किचकट काम आहे, पण पंखांवरचे डाग फिकट झाले, खवले गळून गेले तरी हे भाग टिकतात. डीएनए आणि हे आकार एकाच ठिकाणी रेघ ओढत असतील तर त्या रेघेवर विश्वास बसतो.

तिसरी गोष्ट, जुने नमुने. जुन्या आयातीतल्या किड्यांवर 'ऑर्बोनॅलिस' अशी चिठ्ठी होती. ते फेकून दिले असते आणि फक्त नोंदवहीतली नावं उरली असती, तर आज कुणालाही त्या नोंदी तपासता आल्या नसत्या. नमुना जपलेला होता म्हणून नाव दुरुस्त करता आलं.

कुठे थांबून विचार करावा लागतो

आता परीक्षकाच्या खुर्चीत बसू. पेपर चांगला आहे म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत असं थोडंच आहे.

*एक.* लेखकांचं मूळ विधान काळजीपूर्वक घडवलेलं आहे: तपासलेल्या नमुन्यांपैकी कुणीही ऑर्बोनॅलिस नाही. ते उद्धृत करताना लोक सर्रास लिहितात, 'ऑर्बोनॅलिस आफ्रिकेत नाही.' ही दोन वाक्यं सारखी नाहीत. पहिलं नमुन्यांबद्दल आहे, दुसरं खंडाबद्दल. सहाराच्या दक्षिणेचा प्रदेश केवढा, तिथे वांगी कुठे कुठे लावली जातात, आणि आशियातून व्यापारामार्गे एखादी अळी पोचली नसेलच असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. लेखकांनी जी मर्यादा स्वतः घातली ती आपण वाचताना पुसून टाकतो. याचा दोष पेपरला देता येणार नाही. तरी एक अपेक्षा राहतेच: कोणत्या देशांतून नमुने आले आणि कोणते भाग कोरे राहिले, हे नकाशावर वेगळ्या खुणेने ठळक दाखवण्याची पद्धत वर्गीकरणाच्या पेपरांत रुळायला हवी. कोरी जागा दोन प्रकारची असते: 'शोधलं, नाही मिळालं' आणि 'शोधलंच नाही'. बहुतेक नकाशांत दोन्ही सारख्याच पांढऱ्या असतात.

*दोन.* ओळखीची किल्ली नराच्या जननेंद्रियांवर आहे. वर्गीकरणतज्ज्ञाला ती पुरेशी आहे. पण तुमच्या हातात मादी असेल तर? किंवा, जे जास्त शक्य आहे, अर्धवट वाढलेली अळी असेल तर? पेपरमध्ये इतर अवस्थांची माहिती आहे, डीएनए आहे. पण पायरीपायरीने 'हे असेल तर तिकडे जा' असं नेणारी किल्ली नरापुरतीच. म्हणजे ज्याला ओळखीची सर्वांत जास्त गरज आहे, त्याला अखेर डीएनए यंत्राकडे जावं लागतं. जिथे ते यंत्र नाही तिथे जुनं सोपं नाव चालू राहण्याचा धोका आहे. ही टीका थोडी कडक आहे हे मान्य. अळ्यांमधले फरक बारीक असतील तर किल्ली बनवणार कशी? पण पेपरचा दावा क्वारंटाइनच्या नियमांपर्यंत जातो, त्यामुळे हा प्रश्न विचारणं भाग आहे.

*तीन.* जीनसचं विलीनीकरण. ल्युसिनोडिस आणि सेलिओडिस ही दोन्ही नावं आशिल गेने या फ्रेंच अभ्यासकाने १८५४ सालच्या एकाच ग्रंथात दिली. एरवी जुनं नाव जिंकतं. पण दोन्ही एकाच दिवशी जन्मली तर? प्राणिनामकरणाच्या संहितेत याला उत्तर आहे: अशा दोन नावांतून जो अभ्यासक पहिल्यांदा एकाची निवड करेल, त्याची निवड मानायची. कोणतं नाव ग्रंथात आधीच्या पानावर आहे याला महत्त्व नाही. इथे ल्युसिनोडिस राहिलं, हे व्यवहाराच्या दृष्टीने शहाणपणाचं झालं, कारण जगभरच्या कृषी साहित्यात तेच नाव आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली वांग्यातली अळी, जी सेलिओडिस कॉर्डॅलिस म्हणून माहीत होती, तिलाही आता ल्युसिनोडिस कॉर्डॅलिस म्हणायचं.

पण जीनसच्या सीमा ठरवण्यासाठी मायटोकॉन्ड्रियाचा पुरावा एकटा असता तर मी नाखूश राहिले असते. प्रजाती वेगळ्या करायला वेगाने बदलणारं जनुक चांगलं. जुनी नाती शोधायला सावकाश बदलणारी, केंद्रकातली जनुकं लागतात. या पेपरमध्ये शरीररचनेचा आधार जोडीला आहे, म्हणून निष्कर्ष टिकतो. मॅली आणि इतरांनी २०१९ साली स्पायलोमेलिनी आणि पायरॉस्टिनी या उपकुळांची मोठी मांडणी प्रसिद्ध केली. जीनस-पातळीचे प्रश्न तशा मोठ्या चौकटीत पाहायचे असतात. तुम्ही हा पेपर वाचाल तर तोही शेजारी ठेवा.

*चार,* आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आफ्रिकेतला घोळ निस्तरला, पण आशियाचं काय? पेपरचा प्रश्न आफ्रिकेपुरता होता, म्हणून ही त्याची उणीव म्हणता येणार नाही. पण वाचून पुस्तक मिटताना आपल्याला वाटतं की 'आपली' ऑर्बोनॅलिस मात्र पक्की आहे. कशावरून? भारतापासून आग्नेय आशियापर्यंत एकच प्रजाती आहे हे गृहीतक आपण त्याच कारणाने धरतो, ज्या कारणाने ते आफ्रिकेबाबत धरलं गेलं होतं: वांग्यात अळी आहे, म्हणजे ती ऑर्बोनॅलिस. कदाचित ते खरंच असेल. पण ते तपासून म्हटलेलं असलं पाहिजे.

चूक इतकी वर्षं टिकली कशी?

या प्रश्नाचं उत्तर पेपरात एका जागी लिहिलेलं नाही, पण ओळींमधून दिसतं. त्याआधी एक जुनी गोष्ट. अमेरिका खंडातही एकेकाळी 'ल्युसिनोडिस' होता. टोमॅटो आणि त्याच्या नातलगांची फळं पोखरणारी एलिगँटॅलिस ही प्रजाती गेनेनेच १८५४ साली वर्णिली होती. १९४८ साली कॅप्स यांनी अमेरिकेतल्या या पतंगांची फेरतपासणी केली, आणि त्यांच्यासाठी निओल्युसिनोडिस असे नवे जीनस तयार करून त्यांना बाहेर काढलं. म्हणजे एक खंड १९४८ मध्येच मोकळा झाला होता. दुसऱ्या खंडाला आणखी ६७ वर्षं लागली.

कारण आफ्रिकेतली अळी दिसायला, वागायला आणि खायला जवळपास तशीच. तीही वांग्यात आणि आफ्रिकी वांग्यात राहते. पीक ओळखीचं, नुकसान ओळखीचं, मग किडा वेगळा असेल अशी शंका येणार कशी? एकदा कुणी तरी नाव लिहिलं. पुढच्याने ते नाव वाचून आपला किडा जुळवला. त्याच्या पुढच्याने दोन संदर्भ दिले. दहाव्या लेखापर्यंत संदर्भांची यादी भरगच्च झाली, पण सूक्ष्मदर्शकाखाली किडा पाहिलेला माणूस त्या यादीत फार तर एखादाच. संदर्भ वाढले, पुरावा होता तेवढाच राहिला.

यावरून एक गोष्ट मनाशी पक्की करा. वितरणाच्या नकाशावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे 'इथे हा प्राणी आहे' एवढंच विधान नसतं. 'इथे सापडलेला प्राणी हाच आहे, हे कुणीतरी ओळखलं' असं ते दुहेरी विधान असतं. पहिला भाग खरा आणि दुसरा खोटा असू शकतो. आफ्रिकेत नेमकं तेच झालं: अळ्या खऱ्या, ठिकाणं खरी, नाव चुकीचं.

याने बिघडतं काय?

पुष्कळ. तीन उदाहरणं घेऊ.

कामगंध सापळे. ऑर्बोनॅलिसच्या मादीच्या गंधाचा मुख्य घटक रसायनशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात ओळखला आणि त्यावरून ल्यूर तयार झाले. आपल्याकडेही वांग्याच्या शेतात ते लावतात. कामगंध हा प्रजातीचा आपसातला संकेत असतो. प्रजाती वेगळी असेल तर संकेत तोच असेल असं धरून चालत नाही. चुकीच्या नावावर विश्वास ठेवून ल्यूर लावला आणि नर आले नाहीत, तर 'कीड नाही' असा निष्कर्ष निघेल आणि शेतकरी फसेल.

बीटी वांगं. जालन्याच्या महिकोने ज्या जनुकीय बदल केलेल्या वांग्यावर काम केलं, त्यातलं क्राय१एसी प्रथिन याच अळीसाठी निवडलेलं होतं. भारत सरकारने ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्याच्या व्यापारी लागवडीला स्थगिती दिली. बांगलादेशाने ऑक्टोबर २०१३ मध्ये परवानगी दिली. तुमचं मत बाजूने असो वा विरुद्ध, एवढं मान्य व्हावं: विषाची मात्रा आणि अळीची प्रतिकारक्षमता यांच्या चाचण्या एका ठरावीक प्रजातीवर झालेल्या असतात. उद्या कुणी ते वांगं आफ्रिकेत नेऊ म्हणालं, तर आशियातल्या ऑर्बोनॅलिसवरची आकडेवारी आफ्रिकेन्सिसला लावता येणार नाही. चाचणी नव्याने करावी लागेल.

क्वारंटाइन. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या आंब्यावर आणि चार भाज्यांवर तात्पुरती बंदी घातली. हापूसची बातमी झाली म्हणून ती सगळ्यांना आठवते, पण त्या चार भाज्यांत वांगंही होतं. त्या बंदीमागे मुख्य कारण फळमाश्यांचं होतं. पण त्यातून एवढं दिसतं की पकडलेल्या किड्याच्या चिठ्ठीवर काय लिहिलं जातं याचा हिशोब शेवटी बागायतदाराच्या बांधापर्यंत येतो. घानाच्या किंवा युगांडाच्या शेतकऱ्याबाबत ती चिठ्ठी पन्नास वर्षं दुसऱ्याच किड्याच्या नावाने फाडली जात होती. कीड होतीच, हे खरं. पण ती कुठून आली, कुठे पसरू शकते, कोणते उपाय लागू पडतात, यांची उत्तरं भलत्याच किड्याच्या फाइलमध्ये शोधली जात होती.

तुम्ही संशोधनाला लागाल तेव्हा

हे वाचून सगळ्यांनी वर्गीकरणतज्ज्ञ व्हावं असं मी म्हणत नाही. तुमचा विषय कीटकनाशकांचा असेल, परजीवी माश्यांचा असेल, हवामानाचा असेल. तरीही चार सवयी लावून घ्या.

पहिली: नमुना ठेवा. ज्या किड्यांवर प्रयोग केला त्यातले काही पतंग टाचून, काही अळ्या ९५ टक्क्यांच्या वरच्या इथेनॉलमध्ये, चिठ्ठीसह. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, पीक आणि गोळा करणाऱ्याचं नाव. ते कुठे ठेवले हे प्रबंधात लिहा. याला व्हाउचर नमुना म्हणतात. आपल्याकडच्या कित्येक प्रबंधांत ओळख एका वाक्यात उरकलेली असते आणि नमुना कुठेच नसतो. मग पुढच्याला तुमचं काम तपासताच येत नाही.

दुसरी: ओळख कशावरून केली ते लिहा. 'पिकावरून आणि नुकसानीवरून' असेल तर तसं लिहा. त्यात कमीपणा नाही. निदान वाचणाऱ्याला कळतं की किती भरवसा ठेवायचा.

तिसरी: नावाचे कंस वाचायला शिका. 'ऑर्बोनॅलिस गेने, १८५४' याला कंस नाही, कारण गेनेने ती प्रजाती ल्युसिनोडिसमध्येच वर्णिली आणि ती तिथेच आहे. 'लायसॅलिस (वॉकर, १८५९)' याला कंस आहे, कारण वॉकरने ती दुसऱ्या जीनसमध्ये ठेवली होती. एवढ्याशा कंसातून कळतं की हे नाव मधे कधीतरी घर बदलून आलंय, आणि जुन्या साहित्यात ते जुन्या पत्त्यावर शोधावं लागेल.

चौथी: फेरतपासणी झालेल्या प्रजातीवर जुने संदर्भ देताना तारीख पाहा. आफ्रिकेतल्या 'ऑर्बोनॅलिस'वर २०१५ आधी लिहिलेला लेख निरुपयोगी नाही. तो बहुधा आफ्रिकेन्सिसबद्दल किंवा तिच्या एखाद्या बहिणीबद्दल आहे. त्यातली निरीक्षणं वापरा, पण नावापुढे प्रश्नचिन्ह टाकून.

माझं मत विचाराल तर हा पेपर वाचायलाच हवा अशा यादीत जातो. नवीन प्रजाती सात मिळाल्या म्हणून नव्हे. तेवढ्या तर उष्ण कटिबंधातल्या कुठल्याही दुर्लक्षित गटात मिळतात. त्याची ताकद अशी की सगळ्यांना माहीत असलेल्या, रोज व्यापारात दिसणाऱ्या, पीक-संरक्षणाच्या प्रत्येक पुस्तकात असलेल्या किड्याबद्दल त्याने साधा प्रश्न विचारला: हा तोच आहे हे पाहिलं कुणी? किल्ली नरापुरती राहिली आणि आशियाचा प्रश्न उघडा राहिला, या मर्यादांसह मी हे म्हणते.

आणि तो आशियाचा प्रश्न तुमच्यासाठी रिकामा आहे. एम.एस्सी.च्या लघुप्रबंधाला झेपेल एवढं काम त्यात आहे: खानदेश, कृष्णाकाठ, कोकण, विदर्भ अशा पाच-सहा ठिकाणांहून वांग्यातल्या अळ्या आणायच्या, त्यांना पतंग होऊ द्यायचं, नरांची जननेंद्रियं पाहायची, बारकोड काढायचा, आणि आधी प्रसिद्ध झालेल्या माहितीशी ताडून बघायचं. सगळे ऑर्बोनॅलिसच निघाले तरी काम वाया जात नाही. तेव्हा महाराष्ट्राच्या नकाशावर पाच-सहा ठिपके असे असतील, ज्यांच्यामागे डबीत ठेवलेला किडा आहे.